नळाच्या वेळेवरचा निबंध

दुसऱ्या वर्षाला आम्हाला लेखनकौशल्याचा पेपर आहे आणि त्यात पहिल्या सत्राचं एकच मोठं काम असतं, शोध घेत घेत लिहायचा निबंध. मॅडमनी त्याच्या अटी फळ्यावर लिहिल्या. उत्तर ठाऊक नाही असाच प्रश्न घ्यायचा. पुस्तक, सरकारी कागद आणि जिवंत माणूस, तिन्हींकडे जायचं. जे ज्या क्रमाने हाती लागलं त्याच क्रमाने मांडायचं आणि प्रत्येक ठिकाणाहून परतल्यावर आपल्या प्रश्नाचं काय झालं ते सांगायचं. 'मी' लिहिलेलं चालेल. निष्कर्ष नसला तरी चालेल.

"मग मार्क कशाला देणार मॅडम?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"प्रश्न कुठून निघाला आणि कुठे पोचला, त्याला."

आमची अडचण कुणी बाहेरचा असेल तर त्याला कळायची नाही. दहावीपर्यंत आम्ही 'शाप की वरदान' या साच्यावर वाढलो. मोबाइल, विज्ञान, दूरदर्शन, काहीही द्या, दोन परिच्छेद वरदानाचे, दोन शापाचे आणि शेवटी 'अति तेथे माती' म्हणून मोकळं व्हायचं. त्या निबंधात लिहिणाऱ्याला काही शोधावं लागत नाही, आठवावं लागतं. इथे मॅडम उलटंच मागत होत्या. त्यांनी सांगितलं की अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला कॉम्पोझिशनचा वर्ग असतो आणि तिथे ही रीत रुळली आहे. केन मॅक्रोरी नावाचे एक शिक्षक विद्यार्थ्यांच्या ठोकळेबाज रिसर्च पेपरना कंटाळले होते. त्यांनी १९८०च्या सुमारास 'आय-सर्च पेपर' मांडला, ज्यात पोराने स्वतःला खरोखर पडलेला प्रश्न घ्यायचा आणि शोधाची गोष्टच सांगायची. आमच्या अटी त्याच घराण्यातल्या.

निम्म्या वर्गाने सोशल मीडिया घेतला. मी पाणी घेतलं. त्यावर सीनियरनी लगेच बजावलं, "'पाणी हेच जीवन' असं सुरू करू नकोस, मॅडम पहिल्या ओळीवरच थांबतात."

मी भांडुप पश्चिमेला टेकडीच्या उतारावर राहते. आमच्या गल्लीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सहाच्या सुमारास जातं. घरातलं पिंप, कळश्या, दोन बादल्या आणि वरच्या माळ्यावरचा ड्रम त्या वेळात भरायचा. आता गंमत अशी की मुंबईला येणारं बरंचसं पाणी आमच्या शेजारूनच शहरात जातं. भांडुप संकुल म्हणजे पालिकेचं अवाढव्य जलशुद्धीकरण केंद्र, आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक, ते आमच्याच भागात आहे. टेकडीपलीकडे विहार तलाव. म्हणून माझा पहिला प्रश्न असा होता: तलाव मागे, केंद्र शेजारी, तर आमच्या नळाला दीड तासच पाणी का?

मॅडमनी प्रश्न वाचला, मान हलवली आणि एक जाड वही करायला सांगितली. डाव्या पानावर स्रोत काय म्हणतो ते, उजव्या पानावर ते वाचून मला काय वाटलं ते, तारखेसकट. डाव्या पानाचं महत्त्व कळत होतं. उजवं पान मला तेव्हा नुसता सोपस्कार वाटलं होतं.

सुरुवात सोप्या गोष्टीपासून केली. पावसाळ्यात रोज पेपरात येतो तो तलावांचा साठा. मुंबईला सात तलाव पाणी देतात: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. सातही काठोकाठ भरले तर १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातले ७,१७,०३७ एकट्या भातसाचे, म्हणजे जवळजवळ निम्मे. आमच्या मागच्या विहारचे २७,६९८ आणि तुळशीचे ८,०४६. दोन्ही मिळून जेमतेम अडीच टक्के. 'तलाव मागे आहे' या माझ्या वाक्यातला जोर तिथेच ओसरला. माझ्या नळाचं पाणी बहुधा शहापूर तालुक्यातून येत होतं आणि विहारशी माझं नातं फक्त शेजाराचं होतं.

मग कॅल्क्युलेटर काढला. शहराला दिवसाला साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३. भागाकार केला तर माणशी ३०९ लिटर येतात. मला वाटलं शून्य चुकलं. पुन्हा केला, तेच. गळती, चोरी आणि हिशेबात न येणारं पाणी किती, याचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आहेत, चतुर्थांशापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. सर्वांत वाईट आकडा धरून तिसरा हिस्सा वजा केला तरी माणशी २०० लिटरच्या वर उरतात. शहरी घरासाठी माणशी १३५ लिटर हा आपल्याकडचा नेहमीचा निकष. आता या भागाकारात खोट आहे हे मलाही दिसत होतं. २०११नंतर माणसं वाढली, हॉटेलं आणि कारखाने यांचं पाणी यातच आलं, रोज लोकलने येणारी माणसं त्या जनगणनेत नाहीत. पण खोट धरूनही 'पाणीच कमी आहे' हे उत्तर पुरेना. उजव्या पानावर मी लिहिलं: "पाणी शहरात येतंय. मग मध्ये कुठे अडतंय?" प्रश्न पहिल्यांदा हलला तो इथे.

'हिशेबात न येणारं' पाणी म्हणजे काय, यावर मी बराच वेळ घालवला, कारण बातम्यांमध्ये त्याला सरसकट गळती म्हणतात. ते तसं नाही. पाइप फुटून जमिनीत जिरलेलं पाणी त्यात येतं, चोरून घेतलेलं येतं, मीटर बंद असल्याने मोजलंच न गेलेलंही येतं. म्हणजे त्यातलं काही पाणी कुणाच्या तरी हंड्यात पडलेलं असतं, फक्त बिलात पडलेलं नसतं. निखिल आनंद या मानववंशशास्त्रज्ञाचं मुंबईच्या पाण्यावर २०१७ साली आलेलं इंग्रजी पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं. त्यात इंजिनीअरांनाही नेमकं किती आणि कुठे गळतं हे सांगणं किती अवघड जातं, यावर बरंच काही आहे. ते वाचल्यावर निबंधात एकच टक्केवारी ठोकून द्यायचा मोह सोडला आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले. वर्गातल्या एकाने चॅटजीपीटीला विचारून एक नेमका आकडा आणला होता, दशांश चिन्हासकट. मॅडमनी त्याला एवढंच विचारलं, "हा कुणी मोजला?"

जिवंत माणूस म्हणून आधी मोठ्या अधिकाऱ्याला गाठायचा विचार होता. आई म्हणाली, "अगं, मागच्या गल्लीतल्या काकांना विचार की. जन्म गेला त्यांचा चाव्या फिरवण्यात." काका पालिकेतून चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा, म्हणून निवृत्त झालेत. मॅडमच्या नियमाप्रमाणे मी आधी परवानगी मागितली, नाव घालणार नाही असं सांगितलं. त्यावर काका जरा नाराजच झाले. "नाव घाल की, आता पेन्शन कोण बंद करतंय!" तरी मी घातलं नाही.

त्यांच्याकडे ती चावी आता नाही, ती खात्याची. पण त्यांनी छत्री उलटी धरून दाखवली. माणसाच्या छातीपर्यंत येईल अशी लोखंडी कांब, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. रस्त्यातलं झाकण उचलायचं, आधी झुरळं बाहेर पडू द्यायची, मग कांब आत सोडून व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवायचा. किती फिरवायचं ते आट्यांत मोजतात. काकांना त्यांच्या भागातल्या प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे पाठ होते. कुठला पूर्ण उघडायचा, कुठला अर्ध्यावर ठेवायचा, कुठला शेवटच्या दोन आट्यांना अडतो. आणि पाणी पुढे सरकलं की नाही हे पाहायला ते कांबेच्या वरच्या टोकाला कान लावत. हे सांगताना त्यांनी खरोखर छत्रीच्या मुठीला कान लावला आणि मीही वाकले.

मी त्यांना माझा प्रश्न विचारला. म्हणजे खरं तर तक्रारच होती. आम्हाला दीडच तास का देता?

"तुला काय वाटतं, वेळ कशाला बांधली?" काका म्हणाले. "सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले ना, तर पाणी उताराला पळतं. खालच्या बिल्डिंगवाल्यांच्या टाक्या भरतील, मग त्यांच्या खालच्यांच्या. तुमच्या नळाला फुस्स. खालचे बंद करतो तेव्हा दाब वर चढतो. दीड तास मिळतो तो आम्ही खालच्यांचं बंद केलं म्हणून मिळतो, पोरी."

यावर उजव्या पानावर मी जे लिहिलं ते वाचलं की अजूनही हसू येतं. एवढंच आहे: "अरे देवा." पण निबंधाचा कणा तोच झाला. तोवर मी ठरावीक वेळ म्हणजे आमच्यावर झालेली कपात असं धरून चालले होते. टेकडीवर राहणाऱ्यांसाठी तीच वेळ पाणी वर चढवण्याची युक्ती निघाली. मुंबईच्या जलव्यवस्थेचा मोठा भाग उतारावर चालतो. भांडुपच्या उंचावरच्या मोठ्या जलाशयातून पाणी ठिकठिकाणच्या सेवा जलाशयांत, म्हणजे त्या त्या भागाला पाणी सोडणाऱ्या साठवण टाक्यांत, जातं आणि तिथून झोनप्रमाणे सोडलं जातं. मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या खाली आहे तोही असाच एक जलाशय, वर लोक फिरायला जातात आणि खाली पाणी साठलेलं असतं. जलाशयाच्या पातळीच्या वर राहणाऱ्यांकडे पंपाशिवाय पाणी जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण केंद्र शेजारी असण्यापेक्षा केंद्राच्या किती वर किंवा खाली आहोत हे महत्त्वाचं, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

मग सगळीकडे चोवीस तास पाणी दिलं तर? कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलंय. मुंबईतही मुलुंड आणि वांद्रे पश्चिम या भागांत तसा प्रयोग हाती घेतला गेला. त्यामागचं एक कारण मला पटलं: पाइप रिकामा झाला की आतला दाब जातो आणि भेगांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पहिलं पाणी गढूळ येतं म्हणून आई पहिली बादली कायम बाजूला ठेवते, ती लादी पुसायला. यावर काकांना विचारलं तर म्हणाले, "मलकापूर केवढं, मुंबई केवढी." ते उत्तर नव्हे, हे मला कळत होतं. पण त्याला खोडायला माझ्याकडेही काही नव्हतं, म्हणून दोन्ही तसंच लिहिलं.

काकांमुळे पाणी कसं चढतं ते कळलं. कुणाला किती, हे कोण ठरवतं ते नाही. तिथून मी सरकारी कागदांकडे वळले आणि तो भाग सर्वांत रुक्ष असूनही सर्वांत जड निघाला. इमारतींसाठी माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटर, हा फरक मुंबईत कित्येक वर्षं निकष म्हणूनच चालत आला. वस्तीत नळ द्यायचा तो घराला नाही, घरांच्या गटाला. त्यातही १ जानेवारी १९९५नंतरची झोपडी असेल तर बरीच वर्षं अधिकृत नळच मिळत नसे. २०१४च्या डिसेंबरमध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं. मात्र कायदेशीर घरांइतकंच द्या असं न्यायालयाने म्हटलं नाही. पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण सुरू व्हायला २०२२चा मे उजाडला. ४५ आणि १३५ या दोन आकड्यांत उताराचा काही संबंध नाही. ते कुणीतरी टेबलावर बसून लिहिले. उजव्या पानावर प्रश्न आता असा झाला होता: "यातलं किती डोंगराने ठरवलं आणि किती माणसांनी?"

मध्ये एक आडवाट घेतली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. विहारच्या आधी मुंबई काय पीत होती हे पाहायला मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले आणि १९०९-१०चं बॉम्बे गॅझेटिअर इंटरनेटवर चाळलं. १८५४ साली शहरातल्या विहिरी इतक्या आटल्या की होड्यांतून आणि रेल्वेतून पाणी आणावं लागलं. रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे लातूरच्या पाण्याच्या गाडीचं आपण २०१६ला जे कौतुक केलं त्याची पहिली आवृत्ती मुंबईतच निघालेली. त्या टंचाईने विहारला जोर आला, हेन्री कॉनीबेअर या इंजिनीअरच्या आराखड्यावर धरण झालं आणि १८६०मध्ये शहरात नळाचं पाणी आलं. पुढे १९११मध्ये मलेरियावरचा बेंटली यांचा अहवाल आला. डास शहरातल्या विहिरींत वाढतात असं त्यात होतं आणि त्यानंतर विहिरी बुजवण्याचा, झाकण्याचा सपाटा लागला. ज्या विहिरींवर लोकांची श्रद्धा होती त्यांच्यावरून वादही झाले. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर अजून आहे. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी इथे आता फक्त नावं उरलीत. मी यावर चार पानं लिहिली होती. मॅडमनी समासात लिहिलं, "सुंदर. पण तुझा प्रश्न इथे कुठे गेला?" प्रश्न कुठेच गेला नव्हता, मी गेले होते. चार पानांचा एक परिच्छेद केला. तोडताना जीव तुटला, भिखा बेहराम मात्र ठेवली.

खरं काम लिहायला बसल्यावर सुरू झालं. मला वाटायचं, माहिती गोळा झाली की लिहिणं म्हणजे रात्रभराचं काम. पण या निबंधाची एक अट लिहिताना फार छळते: ज्या टप्प्यावर जेवढं कळलं होतं तेवढंच तिथे दिसलं पाहिजे. काकांना भेटून आल्यावर मी तलावांच्या साठ्याचा भाग लिहायला घेतला आणि हात आपोआप लिहून गेला, "अर्थात साठा कितीही असला तरी खरा प्रश्न दाबाचा आहे." मॅडमनी त्याच्याखाली रेघ मारली: "हे तुला त्या दिवशी कळलं होतं का?" नव्हतं. पुढच्या पानावर पुन्हा तसंच, पुन्हा तीच रेघ. आपण मागचं सगळं आजच्या शहाणपणाने रंगवून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तिथे मला उजवं पान कामाला आलं. तारीख पाहायची, त्या दिवशी काय लिहिलंय ते पाहायचं आणि त्याच्या पलीकडे जायचं नाही. काही नोंदी इतक्या बावळट होत्या की लाज वाटे, तरी त्या तशाच ठेवल्यावर निबंध वाचता येण्यासारखा झाला. कारण वाचणाराही तिथेच असतो. त्यालाही विहार मागे आहे म्हणजे पाणी मिळायला हवं असंच वाटत असतं.

आणखी एक रेघ '४५ लिटर'च्या पानावर होती. तिथे माझा सूर चढला होता, 'घोर अन्याय', 'उघड पक्षपात' वगैरे. मॅडम म्हणाल्या, "इथे तू वकील झालीस." मी म्हटलं, "मॅडम, पण अन्याय आहेच ना तो?" "असेल. पुढच्या सत्रात बाजू मांडायचा निबंध आहे, तिथे लढ. इथे आकडे ठेव आणि वाचणाऱ्याला चिडू दे." मी विशेषणं काढली. परिच्छेद निम्मा झाला आणि जास्त बोचरा झाला. तरी सांगते, मला हे पूर्ण पटलेलं नाही. उजव्या पानावर राग लिहायची मुभा आहे, तर तो राग त्या दिवशी आला होता हेही शोधाचाच भाग नाही का? मॅडमशी यावर कँटीनपर्यंत वाद घातला. शेवटी एक 'संतापले' त्यांनी राहू दिलं.

शेवट लिहिताना नवंच काही निघालं. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावं लागतं, हे मी पेपरात वाचलं होतं आणि डाव्या पानावर टिपलंही होतं, पण उजवं पान कोरं होतं. मी स्वतःला टेकडीवरची, शेवटच्या नळावरची समजत होते. धरणाच्या भिंतीशेजारच्या पाड्यातून बघितलं तर मी खालची बिल्डिंगवाली ठरते. तो मुद्दा निबंधात पेलण्याइतकं माझ्याजवळ काहीच नव्हतं, ना माणूस, ना कागद. म्हणून शेवटच्या परिच्छेदात तो प्रश्न म्हणूनच ठेवला: भांडुपच्या दीड तासासाठी शहापूरचे कुठले व्हॉल्व्ह बंद असतात?

मॅडमना तो शेवट आवडला, मार्क बरे पडले. काकांना मी छापील प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून फक्त स्वतःची दोन पानं वाचली आणि एक दुरुस्ती सांगितली. आटे मी एका ठिकाणी उलट दिशेने फिरवले होते. पुढच्या सत्रात याच विषयावर बाजू घेऊन लिहायचंय. कुठली घ्यायची ते ठरलेलं नाही, पण त्याआधी आसनगावची लोकल पकडून शहापूरला जाऊन यायचं ठरलंय, आणि काका म्हणतायत मीही येतो.